नव्वद नंबरचं तेल

१

सोमनाथची गाडी मेली ती करमाडच्या अलीकडं, भर जालना रोडवर, रविवारी सकाळी. आधी बोनटखालून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. मग मागून निळा धूर असा सुटला, की मागचा टेम्पोवाला शिव्या घालत बाजूनं निघून गेला. शेवटी एक दणका बसला आणि सगळं गप्प. चावी फिरवली तरी इंजिन हूं की चूं करेना. टर्बो गेला होता आणि इंजिन जाम झालं होतं. घरात अजून जिला नवी गाडी म्हणायचे, ती गाडी ही.

आता गाडी कुणाची बंद पडत नाही? पण हा सोमनाथ चितेगावच्या एका कंपनीत वाहनांचं खातं सांभाळायचा. कंपनीच्या व्हॅनी कुणाकडं दुरुस्तीला द्यायच्या, ते ह्याच्या शब्दावर ठरायचं. तो राहायचा त्या पुंडलिकनगरात कुणी गाडी घेतली की हा तिच्याभोवती फेरी मारणार, टायरला लाथ घालून बघणार आणि मालकाला चार उपदेश पाजल्याशिवाय घरी जाणार नाही. दर शनिवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट चढवून, स्वतःच्या गाडीची तेलाची गेजपट्टी दोन बोटांनी ओढायची, फडक्याला पुसायची आणि पुन्हा बुडवून 'बरोबर' किंवा 'कमी' असा निकाल द्यायचा. अशा माणसाची गाडी तेलापायी मेली म्हटल्यावर त्याला लाज वाटायला हवी होती. आला राग.

गाडी टोचन करून त्यानं सरळ अंगदच्या गॅरेजवर नेली. अंगद त्याच्याच गावचा, करमाडचा. मेंढरं राखणाऱ्या घरातलं पोर. आयटीआय करून शहरात आलं आणि पुंडलिकनगरच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडखाली गॅरेज टाकलं. हात इतका चांगला, की सोमनाथनंच कंपनीच्या साहेबाकडं त्याच्यासाठी शब्द टाकला होता. व्हॅनींचं वर्षभराचं काम अंगदला मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं. त्या भरवशावर त्यानं शेजारचा गाळाही बघून ठेवला होता.

गॅरेजवर गिऱ्हाइकं उभी होती. त्या सगळ्यांसमोर सोमनाथनं अंगदची कॉलर धरली.

"भेसळीचं तेल घातलंस माझ्या गाडीत? चोरा!"

"दादा, सर्व्हिसिंगला डबा तुमच्यासमोर फोडला व्हता," अंगद एवढंच म्हणाला.

मग सोमनाथ आणखी एक वाक्य बोलला. ते ऐकून अंगदनं हातातला पाना खाली ठेवला. उभी असलेली माणसं इकडं तिकडं बघायला लागली.

घरी येऊन सोमनाथनं सगळं सांगितलं. कॉलर धरल्याचं सांगितलं, चोर म्हटल्याचं सांगितलं. साहेबाला फोन लावून अंगदचं काम थांबवल्याचंही मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते एक वाक्य मात्र त्यानं घरात कुणाला कळू दिलं नाही.

२

"दाजी, गाडीला हार घालायचा का?"

ही मोनिका, सोमनाथची मेहुणी, त्याच्या बायकोची, तनुजाची, धाकटी बहीण. चितेगावलाच वंगणाच्या कारखान्यात तेलाची तपासणी करायची. जीभ अशी, की दाजींनी चहा मागितला तरी आधी टोमणा मिळायचा आणि मग कप. मंगळवारी संध्याकाळी तनुजानंच तिला बोलावून घेतलं होतं. नवरा ज्या तोऱ्यात बोलत होता, त्या तोऱ्यामागं काहीतरी दडलंय, असं तिला वाटत होतं. बायकोला असलं बरोबर कळतं.

गॅरेजवरून परत टोचन करून आणलेली गाडी गेटबाहेर सपाट रस्त्यावर उभी होती. एरवी ती गेटसमोरच्या उतारावर, पुढची चाकं वर चढवून लावलेली असायची. गल्लीच एवढीशी, की तसं लावल्याशिवाय समोरच्यांची रिक्षा निघायची नाही. पण मेलेली गाडी चढावर ढकलणार कोण?

मोनिकानं बोनट उघडलं, गेजपट्टी काढली, पुसली, परत बुडवली.

"दाजी, शनिवारी तुम्हाला किती दिसलं होतं?"

"कमी. खालच्या खुणेच्या पण खाली."

"इथं तर वरच्या खुणेच्या कुठल्या कुठं वर आहे. एवढं जळून गेल्यावरसुद्धा." तिनं पट्टीचं टोक नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई! वास घ्या."

सोमनाथनं वास घेतला. फटाक्याच्या कारखान्यात शिरल्यासारखं वाटलं.

"गंधक," मोनिका म्हणाली. "हे इंजिनचं तेलच नाही. गिअरचं आहे, जाडंभरडं. तुमच्या टर्बोच्या पंख्याला तेल जातं ते बारीक नळीतून. हे तिथं वेळेवर पोचतच नाही. कोरड्यानं फिरून फिरून जळला बिचारा, आणि इंजिन घेऊन गेला."

"बघ! मी म्हणत नव्हतो? भेसळ!" सोमनाथला एकदम हुरूप आला.

"थांबा हो. सर्व्हिसिंग करून महिना झाला. त्यानंतर तुम्ही पैठणला जाऊन आलात, जालन्याच्या लग्नाला जाऊन आलात. हे तेल तेव्हा असतं तर वऱ्हाडाला बसनं जावं लागलं असतं. हे कुणीतरी आत्ता ओतलंय." मग तिनं मान तिरकी केली. "बरं, एक सांगा. तुमच्या गाडीला तेल कोणतं लागतं?"

"चांगल्यातलं."

"नंबर?"

"सिंथेटिक. महागातलं असतं ते."

"नंबर विचारला मी, दाजी."

सोमनाथ बोनटमध्ये असं बघायला लागला, जणू तिथून कुणी उत्तर पुरवणार आहे. मोनिकानं तेलाच्या तोंडावरचं काळं झाकण फिरवून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. झाकणावर ठळक अक्षरांत छापलं होतं, पाच डब्ल्यू तीस. दर शनिवारी तो ह्या झाकणाच्या शेजारीच उभा राहायचा. गेटमध्ये उभ्या तनुजानं तोंडाला पदर लावला. सोमनाथनं झाकण घाईनं परत लावलं.

"शनिवारी पट्टी बघितल्यावर हे झाकण कुणी उघडलं?" मोनिकानं विचारलं.

"ऋतुराजनं. मला कामावर जायचं होतं, शर्ट खराब झाला असता. त्याला पैसे दिले, म्हटलं तेल आणून टाक. संध्याकाळी विचारलं, टाकलं का? हो म्हणाला. अंगदकडूनच आणलं असणार, दुसरीकडून आणतो कशाला?"

ऋतुराज म्हणजे सोमनाथचा मुलगा, कॉलेजात शिकणारा. बाहेर बोलावल्यावर तो चपलेच्या अंगठ्याशी खेळत उभा राहिला.

"कुठून आणलंस रे तेल?" मोनिकानं विचारलं.

"कोपऱ्यावरून, मावशी. चाचांच्या दुकानातून."

अंगदकडून आणलंच नव्हतं! ज्याची कॉलर धरली, त्याचा ह्या तेलाशी संबंधच नव्हता की काय?

३

सोमनाथ आणि मोनिका गेले तेव्हा कोपऱ्यावरचे स्पेअर पार्टवाले चाचा फडक्यानं डबे पुसत बसले होते.

"शनिचर को? नै भाई. शनिचर को तुम लोगां तेल लेतेच कां? मेरा तेल का एक डिब्बा नै हिलता उस दिन. बैठके धूल झटकता मैं."

"पर हमारा ऋतुराज आया था ना?" सोमनाथनं विचारलं.

"आया था. यहीच खडा था. मैं डिब्बा निकाला भी, ये देखो, तुम्हारे गाडीवालाच." चाचांनी फळीवरचा डबा दाखवला. पाच डब्ल्यू तीस. "इतने में उसको फोन आया. हौ हौ बोला, और वापस चले गया. बच्चा सीधा है, मैं कुछ बोल्या नै."

म्हणजे पोरगं खोटं बोललं होतं. सोमनाथ तिथूनच घराकडं निघाला, पण मोनिकानं त्याला अडवलं. "आधी गॅरेज. त्याचंही ऐकायला नको का? कॉलर तर आधीच धरून झालीय."

अंगद एका जीपखाली आडवा झाला होता. बाहेर आला, हात पुसले, मोनिकाला "या ताई" म्हणाला. सोमनाथकडं त्यानं बघितलंच नाही.

"शनिवारी माझ्याकडनं कुणी तेल नेलं नाय, ताई. पर माझ्या बोलण्याला काय किंमत? मला तर मेंढरंच राखायला सांगितलंय."

"कुणी सांगितलं?"

"इचारा की दादाला."

मोनिका वळली. इथं कुठंतरी जमीन फाटावी आणि आपल्याला आत घ्यावं, असं सोमनाथला वाटलं. अंगद वाट बघत होता. मग त्यानंच सांगून टाकलं.

"'मेंढरं राखायची सोडून गाड्यांना हात लावायला तुला कुणी सांगितलं?' असं म्हणाले दादा. गिऱ्हाइकं होती सगळी. माझी आई तिथं मागं बसली व्हती, माझा डबा घेऊन आलेली. तिनं बी ऐकलं."

आक्काबाई! तिथं आक्काबाई होती, हे सोमनाथला ठाऊकच नव्हतं. करमाडला लहानपणी तिच्या हातचं दूध तो किती वेळा प्याला होता. तो काहीतरी बोलायला गेला. "मी रागात" एवढंच तोंडातून आलं, आणि ते त्याला स्वतःलाच इतकं पुचाट वाटलं, की पुढचं त्यानं तसंच सोडलं.

परतताना मोनिका त्याच्या दोन पावलं पुढं चालत होती. दाजींची थट्टा करण्याची एवढी आयती संधी, पण ती अक्षरही बोलली नाही. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर सोमनाथला बरं वाटलं असतं.

४

घरी पोचताच मोनिकानं तेलाचं फडकं सोमनाथच्या वडिलांपुढं धरलं. कारभारीअण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. शेती वाट्यानं दिली, ट्रॅक्टर विकला आणि आता शहरात लेकाकडं राहून ते रोज दुपारी कंटाळायचे.

"अण्णा, हा वास ओळखा."

अण्णांना एकदाच हुंगायला लागलं. "नव्वद नंबर. गेअरचं तेल. कुठं घावलं तुला?"

"आपल्या घरात होतं का?"

"हाय की. जिन्याखाली. ट्रॅक्टर इकला पर डबडं ठिवलं. गेटच्या बिजागरीला लागतंय."

जिन्याखाली अंधार होता. पोती, जुना कूलर आणि त्यामागं डबडं. मोनिकानं ते बाहेर ओढलं, आणि ते सहज उचललं गेलं. आत थेंबही नव्हता.

"आरं! हे तर निम्म्याच्या वर भरलेलं व्हतं!" अण्णा उठून उभे राहिले.

"अण्णा, तुम्ही ओतलं का गाडीत?" सोमनाथनं विचारलं. आवाज चढायचा तसा चढलाच.

"म्या?" अण्णा भडकले. "जलमभर ट्रॅक्टर हाकला म्या! इंजनात कोणतं जातं आन् गेअरात कोणतं जातं, हे तू मला शिकवतो व्हय? हे इंजनात घालायला म्या काय येडा हाय?"

"अण्णांनी नाही ओतलं," मोनिका शांतपणे म्हणाली. "ज्याला वासावरून नंबर कळतो, त्याच्या हातून ही चूक होणार नाही."

"मग ह्यानंच!" सोमनाथ ऋतुराजवर धावला. "खोटारड्या, पैसे खाऊन घरातलं ओतलंस होय?"

"हो, मीच ओतलं," ऋतुराज म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की मोनिकाला हसू आलं.

"गप रे. दाजी, हात खाली घ्या आणि माझं ऐका." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "पोराच्या खिशात पैसे होते. समोर बरोबर नंबरचा डबा होता, चाचांनी फळीवरून काढलेलासुद्धा. पैसे खायचे असते तर तो दुकानापर्यंत गेलाच नसता. तो घ्यायलाच गेला होता. मग फोन आला आणि हा हो हो म्हणत माघारी फिरला. फोनवरच्या माणसानं सांगितलं, तेल आणू नको. का आणू नको? तेल तर हवंच होतं, उद्या लांब जायचं होतं. म्हणजे तेल नको असं नव्हतं. विकत आणलेलं नको होतं. त्या दिवशी नको होतं." ती थांबली. "चाचा काय म्हणाले, दाजी? शनिवारी त्यांचा एक डबा हलत नाही. शनिवारी तेल विकत आणून घरात घ्यायचं नाही, हे आपल्यात पाळतात. तुम्ही पाळत नाही, तनुताई पाळत नाही. ह्या घरात कोण पाळतं?"

स्वयंपाकघरात मघापासून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो बंद पडला.

५

सोमनाथच्या आई, मनकर्णाबाई, दाराशी आल्या. पीठ लागलेले हात तसेच, नजर खाली.

"पोराला बोलू नको, सोमा. झाकण त्यानं उघडून दिलं. वतलं म्या."

"आई, तू?"

"तू जाताना म्हणलास, तेल कमी हाय. पोरगं निघालं आणायला. शनिवारी इकतचं तेल घरात आणलं की साडेसाती मागं लागती. तू उद्या गाडी घेऊन जाणार, आन् आज घरात तेल आणायचं? माझा जीव धजंना. फोन करून त्याला माघारी बोलावलं. म्हणलं, घरचं डबडं हाय की. तुझ्या बापाला ट्रॅक्टरला किती येळा वतताना बघितलंय. तेल ते तेलच, असं वाटलं मला." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "वाटंत कमी पडाय नको, म्हणून सगळंच वतलं."

"मग रविवारी का नाही बोललीस? मी त्या अंगदला..."

"तू आलास तवा लई रागात व्हतास. आन् रातच्याला आक्काचा फोन आला. म्हणली, मनकर्णे, तुझ्या सोमानं माझ्या पोराला चारचौघात असं का म्हणलं? म्या काय सांगू तिला? तवापासून घास उतरंना. रोज म्हणते, आज सांगावं. पर तू तोंड उघडलंस की माझे हातपाय गळतेत रं. मागं मिक्सर जळला तवा किती बोललास. मला तुझं भ्या वाटतं, सोमा."

"मलाही," ऋतुराज हळूच म्हणाला. "आजीला बोलाल म्हणून मी चाचांचं नाव घेतलं."

सोमनाथ खाली बसला. आईला आपली भीती वाटते! बाहेर कुणाची वाटते तर ठीक आहे, असं तो आजवर समजत आला होता. तेवढा दरारा पाहिजेच, असं म्हणायचा. पण जिनं आपल्याला चालायला शिकवलं, ती दोन दिवस जेवली नाही आणि आपल्याला पत्ता नाही. शरमेनं त्याला मान वर करवेना. तरीसुद्धा, माणसाचा स्वभाव बघा, मनाच्या कोपऱ्यात एक वळवळ होतीच, की निदान सुरुवात तरी आपल्या हातून झाली नाही.

ती वळवळ मोनिकाला दिसली असावी.

"दाजी, शनिवारी पट्टी बघितलीत तेव्हा गाडी कुठं होती?"

"नेहमीच्या जागी. उतारावर."

"म्हणजे नाक वर. तेल मागं सरकणार आणि पट्टी आहे पुढच्या अंगाला. उतारावर ती कमीच दाखवणार. सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडं थांबून बघायचं असतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच जास्त लागत होतं. "शनिवारी तेल कमी नव्हतंच. पुरेपूर होतं. काहीच घालायची गरज नव्हती."

अण्णांनी अडकित्ता बाजूला ठेवला. तनुजा उठली, सासूबाईंसाठी पाणी आणलं आणि त्यांना आत घेऊन गेली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी, गॅरेजवर गर्दी असते त्या वेळी, सोमनाथ आईला रिक्षातून घेऊन गेला. तिनंच हट्ट धरला होता, आक्काला तोंड दाखवायचंय म्हणून. मोनिकाही बरोबर होती.

बोलायचं त्यानं रात्रभर पाठ केलं होतं, पण शेडसमोर उभा राहिल्यावर पाठांतर गेलं. तो नुसता मोठ्यानं बोलत सुटला. "रविवारी मी इथं अंगदला चोर म्हणालो. अंगदनं काही केलं नाही. त्यानं घातलेलं तेल बरोबर होतं. पट्टी मीच चुकीची वाचली. माझ्या घरातच चुकीचं तेल ओतलं गेलं. मला माझ्या गाडीच्या तेलाचा नंबरसुद्धा माहीत नव्हता." जीपचा मालक हसला. सोमनाथनं हसू दिलं. मग सगळ्यांसमोर त्यानं फोन स्पीकरवर टाकून साहेबाला लावला आणि हेच सांगितलं.

"अरे सोमनाथ," साहेब म्हणाले, "व्हॅनींचं काम मी कालच दुसऱ्या गॅरेजला दिलं. तूच तर म्हणालास, ह्याला देऊ नका. आता वर्षभर काही होणार नाही."

फोन बंद झाला. अंगदनं सगळं ऐकलं होतं. शेजारच्या गाळ्याच्या बंद शटरकडं त्यानं एकदा बघितलं.

"माफ कर मला," सोमनाथ म्हणाला. हात आपोआप जोडले गेले.

"दादा, तेलाचं समजलं. काकूंनी चुकून वतलं. त्यांच्यावर माझा राग नाय." अंगदचा आवाज चढला नव्हता. "काम गेलं, त्याचं बी बघू. पर ते मेंढरांचं? ते कुणी वतलं तुमच्यात?"

सोमनाथनं मोनिकाकडं बघितलं. इतका सगळा उलगडा तिनं केला, ह्याचंही काही कारण ती शोधून देईल, अशी वेडी आशा त्याला वाटली. ती रस्त्याकडं बघत उभी होती.

"कुणी नाही," तो म्हणाला. "ते माझंच होतं. आधीपासून होतं."

"व्हय," अंगद म्हणाला. "मला बी तसंच वाटलं."

आक्काबाई मागून पुढं आली. तिनं मनकर्णाबाईंचा हात धरला, खुर्ची पुढं ओढली आणि टपरीवरून चहा मागवला, त्यांना आणि मोनिकाला. दोघी म्हाताऱ्या हळू आवाजात बोलत बसल्या. अंगद परत जीपखाली गेला, गिऱ्हाइकं आपापल्या गाड्यांकडं वळली. सोमनाथला कुणी बस म्हणालं नाही. आईचा चहा होईपर्यंत तो शेडच्या बाहेर उन्हात उभा राहिला, आणि मग तिला रिक्षात बसवून घरी घेऊन गेला.